एलडीएल नॉर्मल, वजन ६२ किलो, तरी डॉक्टरांचं तोंड वाकडं का?

लेथवाला, बेळगाव
८ फेब्रुवारी, रात्री १०:१७

मंडळी, चार वर्षं इथे नुसता वाचूलालोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

वय ४१. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. उद्यमबागेत एका कारखान्यात सीएनसीवर (संगणकावर चालणारं मशीन) आहे, पण घरचे अजून 'लेथवर आहे' असंच सांगतात. लग्नातली पँट आजही बसते, फक्त पट्टा बेंबीवर यायचा तो आता पोटाखाली सरकलाय. बिडी-सिगरेट नाही. दारू वर्षातून दोनदा, तीही दुसऱ्याच्या पैशाची.

डिसेंबरात शेजारच्या शॉपमधला एक जण रात्रपाळी सुटल्यावर बसची वाट बघत असताना बसल्या जागी गेला. ४४ वर्षांचा, माझ्यासारखाच काटक. २०२१ च्या ऑक्टोबरात कन्नड नट पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी गेले तेव्हा लोक ईसीजी काढायला धावत होते आणि मी त्यांना हसलो होतो. ह्या वेळी हसू आलं नाही. कारखान्यात आरोग्य शिबिर लागलं तसा पहिल्या दहांत हात पुढे केला. निम्मे पैसे कंपनीचे, निम्मे आमचे. पॅकेजात ८४ तपासण्या.

कामाच्या ओळी तेवढ्या देतो. एकूण कोलेस्टेरॉल २०३, एचडीएल (चांगलं म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ३३, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २८६, एलडीएल (वाईट म्हणतात ते) ११३. उपाशीपोटी साखर ९७. एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९. यूरिक अ‍ॅसिड ७.४. शेवटी 'ऊर्जा प्रोफाइल' म्हणून एक पान होतं, त्यात लॅक्टेट ३.१, ठळक लाल अक्षरांत.

शिबिरातल्या पोरानं एलडीएलच्या ओळीवर टिकमार्क केली, "नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका." बायकोनं गल्लीतल्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी कागद बघितला, टेप काढून कंबर मोजली (९३ सेंटिमीटर), तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "एलडीएल ठीक, बाकी काय ठीक आहे?" बाहेर वीसेक पेशंट, त्यामुळे पुढचं बोलणं पुढच्या आठवड्यावर गेलं.

तोवर रात्री दोन वाजता मी लॅक्टेट शोधत बसलो. आयसीयू, सेप्सिस, असलं काहीबाही आलं. तेव्हापासून झोप नाही. वजन ६२ किलो असलेल्या माणसाला काय होणार, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. कुणी नीट समजावेल काय?

---

गल्लीतला_शहाणा, शहापूर
८ फेब्रुवारी, रात्री १०:४१

८४ तपासण्या केल्या की एक तरी लाल येणारच. हाच तर धंदा आहे. आमचा आज्जा वाटीनं तूप प्यायचा, ९१ व्या वर्षी गेला, ट्रायग्लिसराइड हा शब्द न ऐकता. झोपा गुमान.

---

नळी_आणि_सुई, चिकोडी
८ फेब्रुवारी, रात्री ११:०५

लेथवाला, मी लॅबमध्ये आहे, १७ वर्षं रक्तच काढतोय. आधी एवढं सांगा:

रक्त द्यायच्या आदल्या रात्री काय जेवलात? सकाळी चहा घेतला होता काय? रक्त घेतल्यावर नळ्या किती वेळ टेबलावर होत्या?

खरं सांगा. इथे कोण रागावत नाही.

---

लेथवाला
८ फेब्रुवारी, रात्री ११:१९

आदल्या दिवशी बहिणीच्या गावची जत्रा. मटण, पुऱ्या, वर कुंदा. घरी यायला रात्रीचे १२ वाजले.
सकाळी चहा घेतला, पण अर्धाच. बिनसाखरेचा नव्हता.
रक्त साडेसातला दिलं. थर्मोकोलची पेटी घेऊन गाडी निघाली तेव्हा आमची जेवणाची सुट्टी झाली होती, म्हणजे साडेबारा.

---

नळी_आणि_सुई
८ फेब्रुवारी, रात्री ११:५२

वाटलंच.

बघा, रक्त नळीत आलं म्हणजे मेलं असं नाही. तांबड्या पेशींना मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्या, नसतात, त्यांचं पोट फक्त ग्लुकोजवर चालतं. नळीतही त्या खातच असतात. साध्या नळीत रक्त तसंच ठेवलं तर तासाला पाच-सात टक्के साखर कमी होते, आणि त्या साखरेचं होतं लॅक्टेट. म्हणजे तुमची साखर खरीपेक्षा कमी दाखवली गेली असणार आणि लॅक्टेट खऱ्यापेक्षा जास्त. एकाच चुकीनं एक आकडा खोटा धीर देतो, दुसरा खोटी भीती घालतो. साखरेसाठी करड्या टोपणाची नळी असते, तिच्यात फ्लोराइड असतं, ते पेशींचं खाणं थांबवतं. पण तेही लागलीच नाही, तास-दीड तास जातो. म्हणून रक्त लवकर फिरवून वरचं पाणी वेगळं करायचं असतं.

त्यात दंडाला पट्टा आवळून ठेवला आणि "मूठ उघडा-मिटा" केलं तरी लॅक्टेट चढतं. चालत्या-बोलत्या माणसाचं शिबिरात लॅक्टेट कशाला काढतात मला कळलेलं नाही. ती तपासणी अत्यवस्थ पेशंटची, तीही बर्फात ठेवून ताबडतोब लावायची. ते पान फाडा आणि झोपा.

ट्रायग्लिसराइडचं तसं नाही. जत्रेनं आणि चहानं ते वाढवलं असेल, पण २८६ सगळंच्या सगळं मटणाचं नसतं. जत्रा-लग्नांच्या दिवसांत सेंट्रिफ्यूजमधून नळ्या काढल्या की कळतं. वरचं पाणी फिकट पिवळं, आरपार दिसायला हवं, काही नळ्यांत ते पातळ ताकासारखं असतं. ते जेवणाचं आणि लिव्हरनं बनवलेलं, दोन्ही मिळून. नुसतं लिव्हरचं किती हे बघायला १२ तास पोट रिकामं पाहिजे. पाणी चालतं. चहा नाही, अर्धासुद्धा नाही.

चार दिवस नेहमीसारखं जेवा, मुद्दाम उपास-तापास नको, आणि पुन्हा द्या. साखर, लिपिड, जमलं तर उपाशीपोटीचं इन्सुलिन. बाकी ८० तपासण्या राहू देत.

---

खानापूरची_बाई, खानापूर
९ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

शहाणे, तुमचे आज्जा बाजाराला चालत जायचे की ॲक्टिव्हावर? आमचे जांबोटीकडून डोक्यावर ओझं घेऊन यायचे. त्या तुपाचा हिशेब त्या वाटेवर लागायचा. तुम्ही तूप घेतलंत, वाट सोडलीत.

---

गल्लीतला_शहाणा
९ फेब्रुवारी, सकाळी ७:०२

बाई, सकाळी सकाळी छडी?

---

जुना_स्टेथो, बेळगाव
९ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

३६ वर्षं जनरल प्रॅक्टिस करून आता घरी बसलोय. इथे औषध सांगणार नाही, ते तुमचे समोरचे डॉक्टर सांगतील. तोंड वाकडं का केलं असेल ते मात्र सांगतो, कारण तुमचा कागद बघून माझंही झालं.

आम्ही पाच गोष्टी बघतो. कंबर (आपल्याकडच्या पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८०), ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. पाचांतल्या तीन जमल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. १९८८ साली रीव्हन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ह्या गोष्टींची मोट बांधली, तेव्हा नाव होतं 'सिंड्रोम एक्स'. मुळाशी इन्सुलिनला दाद न देणारं शरीर आहे असं त्यांनी मांडलं. कंबर पुढे इतरांनी जोडली. तुमच्या तीन आत्ताच दिसतात, नळीवाल्यांचं बरोबर असेल तर साखर चौथी.

आता ६२ किलोचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांचा एक फोटो २००४ च्या लॅन्सेटमध्ये छापून आला. दोघे शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानानं वजनाचा जो बीएमआय काढतात तो दोघांचा तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. तुमचा बीएमआय मी काढला, २२ येतो. काटा तुम्हाला बारीक म्हणतो, टेप म्हणत नाही. आपली चरबी मांडीवर-दंडावर न दिसता पोटात, आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये जाऊन बसते, आणि त्रास देते ती तिथलीच.

रक्तदाब किती होता, ते लिहिलं नाहीत.

---

लेथवाला
९ फेब्रुवारी, दुपारी १:०८

१२८/८२. पण डॉक्टरांच्या समोर होता, घाबरलो होतो.

---

ऊसवाला_अण्णा, रायबाग तालुका
९ फेब्रुवारी, रात्री ८:२०

हे सगळं पांढऱ्या साखरेनं होतं. मी १० वर्षं चहात गूळ घालतो, घरच्या गुऱ्हाळाचा, बिनरसायनाचा. गुळात लोह असतं. साखर बंद करा, गूळ चालू करा, ट्रायग्लिसराइड पळतंय बघा.

---

नळी_आणि_सुई
९ फेब्रुवारी, रात्री ८:४४

अण्णा, तुमच्या गुळाचा वास घेऊनच मी मोठा झालो, रागावू नका. पण गुळात बहुतेक भाग साखरच असते, लोह नावाला. लिव्हर काही गुऱ्हाळ आणि कारखाना असा भेद करत नाही. तुमचं स्वतःचं ट्रायग्लिसराइड कधी काढलंय?

---

ऊसवाला_अण्णा
९ फेब्रुवारी, रात्री ८:५१

नाही काढलं. काढायचं कारणच काय, गूळ खातोय की.

---

मायटोकॉन्ड्रिया, सध्या बंगळूर, मूळ संकेश्वर
१० फेब्रुवारी, रात्री १:३०

जीवरसायन हा माझा अभ्यासाचा विषय, म्हणून राहवलं नाही. डॉक्टरांनी 'काय' ते सांगितलं, मी 'कसं' ते सांगतो. लांबेल.

हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा ठोकतं आणि त्याच्याकडे ऊर्जेची शिल्लक फक्त काही सेकंदांची. पगार रोज आला तरच रोजची चूल पेटणारं घर. म्हणून हृदयाच्या पेशीत जवळजवळ एक तृतीयांश जागा मायटोकॉन्ड्रियांनी व्यापलेली असते, आणि हृदय जळणाच्या बाबतीत नखरे करत नाही. मुख्य जळण चरबीतली आम्लं. जेवल्यावर ग्लुकोज. उपासात कीटोन, म्हणजे लिव्हरनं चरबीतून बनवलेलं जळण. आणि लेथवाला, हृदय लॅक्टेटही आवडीनं जाळतं. तुम्ही जिना चढता तेव्हा पायांच्या स्नायूंनी सोडलेलं लॅक्टेट हृदय उचलून घेतं. ज्याच्या भीतीनं तुम्ही जागलात ते तुमच्या हृदयाचं एक खाणं आहे.

बिघाड सुरू होतो तो वाटपात. इन्सुलिनचं एक काम सगळ्यांना माहीत असतं, साखर पेशीत ढकलणं. दुसरं तितकंच मोठं काम म्हणजे चरबीच्या कोठाराला कुलूप घालणं. जेवण झालंय, आता कोठारातलं काढू नका, असं ते सांगतं. शरीर इन्सुलिनला जुमानेनासं झालं की कुलूप सैल होतं आणि जेवल्यावरसुद्धा चरबीची आम्लं रक्तात गळत राहतात. ती जातात लिव्हरकडे. लिव्हर त्यांची पुडकी बांधून रक्तात परत पाठवतं. तुमच्या कागदावरचं उपाशीपोटीचं ट्रायग्लिसराइड म्हणजे बहुतांशी हीच पुडकी.

पुडकी जास्त झाली की रक्तातल्या रक्तात अदलाबदल चालते. ती आपलं ट्रायग्लिसराइड एचडीएलला देतात आणि त्याचं कोलेस्टेरॉल घेतात. असं भरलेलं एचडीएल शरीर लवकर मोडीत काढतं. म्हणून ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली ही जोडी एकत्र दिसते. एलडीएलच्या बाबतीतही तेच, त्याचे कण लहान आणि दाट होतात. एलडीएलचा आकडा तोच, पण त्यात माल कमी भरलेल्या गाड्या जास्त. धमनीच्या भिंतीत अडकते ती गाडी. माल किती होता ह्याला मग फार अर्थ उरत नाही.

ह्या गाड्या मोजतात त्यांच्यावरच्या एका प्रथिनावरून, ती तपासणी म्हणजे अ‍ॅपोबी. एलडीएल असो, लिव्हरची पुडकी असोत, प्रत्येक कणावर अ‍ॅपोबीचा एकच रेणू असतो. गाडी तितक्या नंबरप्लेट. २००४ सालीच इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या हार्ट अटॅकचा पुरुषांतला सुमारे ९० टक्के धोका त्यात नऊ गोष्टींवर बसवता आला. त्यातल्या सगळ्यात दणदणीत दोन म्हणजे धूम्रपान आणि अ‍ॅपोबीचं अ‍ॅपोएवनशी (एचडीएलवरचं प्रथिन) प्रमाण.

---

खानापूरची_बाई
१० फेब्रुवारी, सकाळी ६:४५

कोठार, कुलूप, पुडकी. नववीच्या पोरांना हे आज सांगते. 'गाडी तितक्या नंबरप्लेट' पण घेतलं.

---

भगवा_बाणा
१० फेब्रुवारी, सकाळी ९:१२

शिबिराचा मेसेज, रिपोर्टवरच्या सूचना, सगळं कन्नडमध्ये. '१२ तास उपाशी या' हे मराठीत लिहिलं असतं तर ह्या माणसानं चहा प्याला असता काय? मूळ प्रश्न हा आहे की १९५६ साली

---

संपादक
१० फेब्रुवारी, सकाळी ९:३०

वरचा प्रतिसाद तिथेच तोडला आहे. सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, पानं ११८. इथे ट्रायग्लिसराइडवर बोलू.

---

लेथवाला
१० फेब्रुवारी, सकाळी १०:०५

मेसेज कन्नडमध्ये होता आणि मला वाचता येतो. चहा मी माझ्या मनानं प्यालो.

---

निपाणीची_लेक, निपाणी
११ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

एचबीएवनसीबद्दल विचारायचं होतं म्हणून इथेच लिहिते.

माझी आई ३० वर्षं विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, घरभर तोच वास. गेल्या वर्षी तिचं एचबीएवनसी ६.६ आलं. साखरेच्या गोळ्या चालू करा म्हणाले. पण उपाशीपोटीची साखर ९८, दोनदा बघितली. आम्ही चक्रावलो. मग दुसऱ्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन काढलं, ८.६. आधी लोहाच्या गोळ्या दिल्या. पाच महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ आणि एचबीएवनसी ६.०. गोळ्या साखरेच्या नाहीत, लोहाच्या, आणि तरी साखरेचा आकडा उतरला. हे कसं?

---

जुना_स्टेथो
११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१०

दुसऱ्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा.

एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात म्हाताऱ्या पेशींची गर्दी राहते, आणि म्हाताऱ्या पेशीला साखर चिकटायला जास्त दिवस मिळालेले असतात. आकडा फुगतो. लोह दिलं, नव्या पेशी आल्या, आकडा उतरला. उलटही घडतं. रक्त पेशी फुटून कमी होत असेल तर एचबीएवनसी खोटंच कमी दिसतं. म्हणून हिमोग्लोबिन न बघता, विशेषतः आपल्याकडच्या बायकांचं, एचबीएवनसी वाचू नये.

पण ६.० म्हणजेही मोकळीक नाही, ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा. वर्षाला एकदा बघत राहा. आणि आई मशेरी लावतात काय?

---

निपाणीची_लेक
११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:५८

लावते. दिवसातून चारदा. 'धूर तर काढत नाही' म्हणते.

---

जुना_स्टेथो
११ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:२०

निकोटीनला धुराची गरज नसते. हिरडीतूनही ते रक्तात जातं, नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढवतं. ओरडू नका, चारचं तीन, तीनचं दोन असं करा. ३० वर्षांची सवय आहे.

---

लेथवाला
१६ फेब्रुवारी, रात्री ९:१४

परत दिलं. १२ तास कडकडीत. नळी माझ्या डोळ्यांदेखत २० मिनिटांत मशीनमध्ये गेली, मी तिथेच उभा राहिलो, लॅबवाली म्हणाली काय हो काका, विश्वास नाही काय.

एकूण कोलेस्टेरॉल १९६, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २३८, एलडीएल ११४. साखर १०४ (नळीवाल्या दादांचा अंदाज बरोबर निघाला). इन्सुलिन १४.२.

---

मायटोकॉन्ड्रिया
१६ फेब्रुवारी, रात्री ९:५०

साखर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५. १०४ × १४.२ ÷ ४०५ = ३.६. ह्याला होमा-आयआर म्हणतात. सीमारेषेबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो, इन्सुलिनची मशीनंही एकसारखं मोजत नाहीत, पण ३.६ कुणाच्याच हिशेबात चांगला नाही. १०४ साखर राखायला तुमचं स्वादुपिंड ओव्हरटाइम करूलालंय.

---

लेथवाला
१६ फेब्रुवारी, रात्री १०:०२

आणि ओव्हरटाइमचा पगार?

---

नळी_आणि_सुई
१६ फेब्रुवारी, रात्री १०:०९

मिळत नाही. एक दिवस कामगार बसतो, त्याला मधुमेह म्हणतात.

---

जुना_स्टेथो
१७ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

तुमच्या डॉक्टरांशी बोला, आणि दोन गोष्टी त्यांना विचारा. एक, लिव्हरची सोनोग्राफी. दुसरी, लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण), आयुष्यात एकदा. तो वारशानं येतो, जेवणा-व्यायामानं फारसा हलत नाही, पण घराण्यात कुणाला लवकर अटॅक आला असेल तर माहीत असलेला बरा. वडील कशानं गेले?

दरम्यान काय करायचं ते तुम्हालाही ठाऊक आहे. एकच सांगतो, जे लोकांना खरं वाटत नाही. स्नायू कामाला लागला की तो इन्सुलिनशिवायही साखर आत ओढतो. जेवून लगेच पलंगावर पडणं आणि जेवून २० मिनिटं चालणं, ह्यांतला फरक तुमच्यासारख्याच्या रक्तात त्याच रात्री दिसतो.

---

लेथवाला
१७ फेब्रुवारी, दुपारी १:१५

वडील ५१ व्या वर्षी गेले. शेतात. तेव्हा 'ॲसिडिटी झाली' म्हणाले होते सगळे.

---

[मधले ३७ प्रतिसाद: खोबरेल की शेंगतेल, कीटो करावं काय, गोकाकच्या करदंटात डिंक असतो म्हणून तो चालतो काय. सवडीनं वाचा.]

---

लेथवाला
२४ मे, रात्री ९:३०

मंडळी, तीन महिने झाले. धागा वर काढतोय.

काय केलं ते आधी. पाळीला सहा चहा व्हायचे, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला १२ चमचे साखर मी चहातूनच पीत होतो. आता दोन चहा, साखर शून्य. पहिले १५ दिवस तोंडात औषध धरल्यासारखं वाटलं, आता कॅंटीनचा चहा चुकून प्यालो तर पाक वाटतो. रात्रीचा भात गेला, ज्वारीची भाकरी आली, ताटात पालेभाजी डबल. रोज जेवून तिसऱ्या गेटापर्यंत चालत जाऊन येतो. सुरुवातीला गल्लीतली पोरं विचारायची, काका कुठं निघालासा? आता त्यांतला एक सोबत येतो. रात्रपाळीच्या आठवड्यात मात्र सगळं कोलमडतं, ते कबूल करतो.

वजन ५९. कंबर ८८.

आणि रिपोर्ट: एकूण १९०, एचडीएल ३७, ट्रायग्लिसराइड १५२, साखर ९६, एचबीएवनसी ५.६. खूश होतो. मग एलडीएलची ओळ बघितली. ११४ चं १२३ झालंय! एवढं तोंड मारून एलडीएल वाढला? शहाणे म्हणणार, तरी सांगत होतो.

---

गल्लीतला_शहाणा
२४ मे, रात्री ९:३६

तरी सांगत होतो.

---

नळी_आणि_सुई
२४ मे, रात्री १०:१०

थांबा, थांबा. एलडीएल बहुतेक लॅबमध्ये मोजत नाहीत, वजाबाकीनं काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. १९७२ सालचं हे सूत्र. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते चालतच नाही, आणि त्याच्या बरंच आधीपासून एलडीएल कमी दाखवायला लागतं. तुमचं बघा:

फेब्रुवारीत १९६ − ३४ − ४८ = ११४.
आता १९० − ३७ − ३० = १२३.

वजा होणारं ट्रायग्लिसराइड कमी झालं म्हणून उरलेला आकडा मोठा दिसतोय. आता सूत्र सोडा, एकूणातून फक्त एचडीएल वजा करा. फेब्रुवारीत १६२, आता १५३. धमनीत अडकू शकणारा सगळा माल ह्या आकड्यात आला, आणि तो उतरलाय. ह्याला नॉन-एचडीएल म्हणतात, जास्तीचा एक रुपया लागत नाही, आणि तरी निम्म्या रिपोर्टांवर ही ओळ नसते.

---

जुना_स्टेथो
२५ मे, सकाळी ८:४०

बरोबर. पण १५३ वर पेढे वाटू नका. १३० च्या खाली असता तर बरं वाटलं असतं, आणि वडील ५१ व्या वर्षी गेलेत. लायपोप्रोटीन-ए केलं काय?

---

लेथवाला
२५ मे, सकाळी ८:५५

केलं. ७८ मिलिग्रॅम.

---

जुना_स्टेथो
२५ मे, सकाळी ९:२०

५० च्या वर म्हणजे जास्त. तुमच्या चालण्यानं तो उतरणार नाही, म्हणून बाकीचं सगळं जास्त घट्ट आवळायचं. डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) सुचवली असेल तर 'बघू' म्हणून टाळू नका. इतका चांगला निकाल आल्यावर गोळी कशाला, असं वाटेल. पण साखर आणि ट्रायग्लिसराइड हा तुमच्या हातातला भाग होता, हा वडिलांकडून आलेला आहे.

भावंडं किती?

---

लेथवाला
२५ मे, सकाळी ९:४१

थोरला भाऊ, वय ४७. चिकोडीकडे असतो. माझ्यापेक्षा बारीक. त्याला गेल्या महिन्यात सांगितलं तर म्हणाला, मी कुठं जाड आहे?

---

ऊसवाला_अण्णा
२५ मे, सकाळी १०:०३

लाजत सांगतो. गेल्या आठवड्यात काढलं. ट्रायग्लिसराइड ३१२.
गुळाचं काही बोलू नका.

---

नळी_आणि_सुई
२५ मे, सकाळी १०:०६

नाही बोलत.

---

लेथवाला
२५ मे, दुपारी १:१०

नळीवाले दादा, भाऊ तयार झाला. रविवारी त्याला घेऊन तुमच्याकडेच येतो. लॅब किती वाजता उघडते?

---

नळी_आणि_सुई
२५ मे, दुपारी १:१४

साडेसहाला. त्यांना घरातून निघायच्या आधी फोन करा, आणि चहा झाला काय विचारा.